कंडक्टरचं हेवी लायसन्स

घरातही ताई पाय फाकवून उभी राहायची, जणू फरशी आता वळण घेणार आहे.

भांडी घासताना एक हात मोकळा झाला की तो आपोआप वर जायचा. तिथे धरायला दांडा नसायचा. मग त्याच हाताने ती कपाळ पुसल्यासारखं करायची.

स्वयंपाकघरात गर्दी झाली की म्हणायची, "पुढे सरका."

चहा कधी काठोकाठ घ्यायची नाही. अर्धा कप. सांडतो म्हणायची. टेबल कधी जागचं हललं नव्हतं, तरी.

दाराकडे पाठ करून बसायची नाही.

कुणी जायला निघालं की दारापर्यंत यायची. ते माणूस रस्त्याला लागेपर्यंत थांबायची. मग बोटाच्या पेराने चौकटीवर दोनदा टकटक करायची आणि दार लावून घ्यायची. पहिल्यांदा ती टकटक ऐकून मी परत आले. मला वाटलं, बोलावते आहे. ती म्हणाली, "अगं, जा म्हटलं."

ताई बसमध्ये कंडक्टर होती. तिचा नवरा त्याच बसचा ड्रायव्हर. डेपोत सगळे त्यांना उस्ताद म्हणत, म्हणून मीही म्हणते. उस्ताद तिला नावाने हाक मारत नसत. ते तिला कंडक्टर म्हणत. लग्नाआधीपासून. कंडक्टर, मीठ सरकव. कंडक्टर, माझा चष्मा कुठे आहे. भांडण झालं की मात्र "हे बघ" असं सुरू व्हायचं.

मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते. ओळख मात्र बसमधली. कॉलेजला जाताना मी पुस्तक उघडायचे आणि पहिल्या वळणालाच मला झोप लागायची. माझा स्टॉप आला की ताई पुस्तकावर टिचकी मारायची. म्हणायची, उठा, गोष्ट संपली. माझ्या पदवीत त्या टिचक्यांचाही वाटा आहे. पुढे मी खोली शोधत होते, तेव्हा तिनेच सांगितलं की वरची रिकामी आहे, जिना अरुंद आहे, उस्ताद घोरतात, बाकी त्रास नाही.

मी राहायला आले त्याच वर्षी उस्तादांचे डोळे गेले. एकदम नाही. आधी एका डोळ्यात धुकं आलं, मग दुसऱ्यात. ऑपरेशन झालं. धुकं वाढायचं थांबलं, पण हटलं नाही. मोठ्या गाडीचं लायसन्स पुढे चालू ठेवायचं तर डोळे तपासून घ्यावे लागतात. उस्ताद भिंतीवरच्या तक्त्यासमोर उभे राहिले. सगळ्यात वरचं मोठं अक्षर वाचलं. त्याखालचं नाही.

त्या दिवशी ते घरी आले, ड्युटीचे बूट काढले आणि पलंगाखाली सरकवले. त्यानंतर फक्त चपला. चपला घालून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचं, परत यायचं. बसमध्ये बसायला साफ नकार. दुसऱ्याच्या हातातल्या गाडीत मी बसत नाही, एवढंच म्हणायचे. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यांची बहीण राहते. ती आजारी पडली, तरी गेले नाहीत. फोनवर बोलले आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

ताई एकटी ड्युटीवर जाऊ लागली. नवा ड्रायव्हर चांगला होता. ती म्हणायची, चांगला आहे, पण ब्रेक मारल्यावर सॉरी म्हणतो.

मग डेपोत नव्या बस आल्या. दारातच तिकिटाचं मशीन होतं. कंडक्टर लागणार नव्हता. साहेबांनी सगळ्या कंडक्टरांना बोलावून सांगितलं की जे हेवी लायसन्स काढतील ते ड्रायव्हर होतील, बाकीचे स्टोअरमध्ये जातील. स्टोअर म्हणजे डेपोमागची बिनखिडकीची खोली. जुने टायर, फाटक्या सीट, ट्यूबलाइट. परीक्षेच्या संधी दोन. दोन्ही हुकल्या की ड्रायव्हरच्या यादीतून नाव कापलं.

त्या संध्याकाळी तिने घरी स्टोअरचं नाव काढलं नाही. मी तिथेच भाजी निवडत बसले होते. ती उस्तादांसमोर जाऊन उभी राहिली, पाय फाकवून.

"मी मोठी गाडी शिकते. माझ्या हातातल्या गाडीत तरी बसाल का?"

उस्ताद म्हणाले, "आधी पाय क्लचला पोचतो का बघ."

पाय पोचत नव्हता. पाठीमागे सोफ्यावरची फुलाफुलांची उशी घ्यावी लागली. त्या उशीमुळे डेपोत बरीच थट्टा झाली. कुणी विचारलं, पांघरूणही आणू का. ताई म्हणाली, आणा, तुमच्या हातात गाडी असते तेव्हा पॅसेंजरला लागतंच.

लहान गाडी तिला येत होती. माहेरच्या टेम्पोवर शिकली होती. लर्निंग लायसन्स सहज निघालं. सकाळी डेपोचा शिकवणारा मास्तर तिला जुन्या बसवर घेऊन जायचा. संध्याकाळी घरी उस्ताद शिकवायचे. स्वयंपाकघरात स्टूल मांडायचं. स्टेअरिंग म्हणून हातात परात. जमिनीवर तीन चपला: क्लच, ब्रेक, अॅक्सिलरेटर. गिअर म्हणून लाटणं, ते उस्ताद बाजूला उभं धरायचे. मी मागच्या खुर्चीवर, पॅसेंजर. उस्तादांची ताकीद होती की पॅसेंजरने मध्ये बोलायचं नाही, फक्त वेळीअवेळी उठून उभं राहायचं, तिला सवय व्हायला हवी.

उस्ताद शिकवताना बोलायचे तसे इतर वेळी कधी बोलत नसत. म्हणायचे, गाडी सुरू केल्या केल्या हलवायची नाही, ब्रेकच्या टाकीत हवा भरू द्यायची. माणसालाही सकाळी उठल्या उठल्या काही विचारू नये, तसंच. म्हणायचे, पुढचं चाक तुझं, मागचं चाक गल्लीतल्या लोकांचं, वळताना त्यांचा विचार आधी. चढावर थांबलीस तर घाबरून क्लच सोडू नकोस, गाडी तुझ्या पायाशी बोलते, ऐक. ताई परात फिरवत ऐकत राहायची. कधी कुकरची शिट्टी झाली की ती हँडब्रेक ओढायची, म्हणजे नुसताच हवेत हात ओढायची, आणि मग गॅस बंद करायला उठायची.

रिव्हर्स त्यांनी शिकवला नाही. ते तेव्हा कुणाच्या लक्षातच आलं नाही. मास्तरनेही शिकवला नाही. तो म्हणाला, ताई, तुम्हाला काय रिव्हर्स शिकवायचा, आम्ही सगळे तुमच्याच शिट्टीवर गाडी मागे घेतो.

परीक्षेच्या दिवशी मी रजा काढून मैदानावर गेले. उस्ताद आले नाहीत. पोटात गडबड आहे म्हणाले. सकाळपासून काही खाल्लंही नव्हतं.

मैदान मोठं होतं. आकड्यातल्या आठसारखा रस्ता, एक चढ आणि टोकाला खांब रोवून आखलेली जागा. त्या जागेत गाडी मागे घ्यायची. इन्स्पेक्टर बारीक अंगाचा, कंटाळलेला माणूस होता. आमच्यासारखे आलेले लोक कुंपणाबाहेर उभे होते. ताईने आठ सुरेख काढला. चढावर थांबली, पुन्हा निघाली, गाडी तसूभरही मागे आली नाही. शेजारचा एक ट्रकवाला म्हणाला, बाईचा पाय शांत आहे.

मग इन्स्पेक्टरने हाताने खूण केली आणि म्हणाला, घ्या रिव्हर्स.

ताईने गाडी थांबवली. हँडब्रेक ओढला. दार उघडलं. खाली उतरली, झपाझप चालत गाडीच्या मागे गेली आणि उभी राहिली. गळ्यातली शिट्टी दातांत धरली, दोन्ही हात पसरले आणि वाजवली.

गाडी जागची हलली नाही.

तिने आणखी एकदा वाजवली. मग वैतागून गाडीच्या पाठीवर थाप मारली. "येऊ दे की."

इन्स्पेक्टर तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. त्याने इंजिन चालू असलेल्या रिकाम्या गाडीकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"बाई, आत कोण आहे?"

कुंपणाबाहेरचे सगळे हसले. मीही हसले. हसू आवरेपर्यंत ताईचा चेहरा दिसला. ती शिट्टी हातात घेऊन गाडीच्या आरपार बघत होती. ड्रायव्हरच्या जागी तिला खरंच कुणीतरी दिसत होतं, आणि आता दिसेनासं झालं होतं.

इन्स्पेक्टरने नापासाचा शेरा मारला. हसला मात्र नाही, ते बरं झालं.

घरी आल्यावर तिने सगळं जसंच्या तसं सांगितलं, शिट्टीसकट. मला वाटलं उस्ताद हसतील. ते पलंगावर बसून होते. गुडघ्यांवर हात.

"हे बघ," ते म्हणाले. आम्हाला दोघींना वाटलं, आता भांडण. "मला रिव्हर्स येत नाही."

ताई म्हणाली, काहीतरीच काय बोलता.

"इतकी वर्षं मी आरशात बघून गाडी मागे घेतलीच नाही. तू मागे असायचीस. तू वाजवलीस की घ्यायची, थांबलीस की थांबायचं. मी समोर बघून मागे जायचो." ते थोडे थांबले. "तुझ्या सुट्टीच्या दिवशी मी गाडी अशीच लावायचो, की मागे घ्यायची वेळच येऊ नये."

ताईने चहा टाकला. तिघांचेही कप अर्धेच भरले.

पुढच्या रविवारी दुपारी उस्तादांनी पलंगाखालचे बूट बाहेर काढले. त्यांवर धूळ होती. ती त्यांनी टॉवेलाने पुसली, आणि टॉवेल कुणाचा आहे यावरून ताई त्यांना बोलली नाही. आम्ही डेपोत चालत गेलो. उस्तादांचा हात माझ्या खांद्यावर होता. ताई पुढे, काखेत उशी.

रविवारी गाड्या धुण्याच्या मागच्या अंगणात कुणी नसायचं. मास्तरने जुनी बस वापरायला दिली. आपण रिव्हर्स शिकवलाच नाही, याचं त्याला वाईट वाटत होतं. अंगणाच्या टोकाला बाद टायरांचा ढीग होता, छातीइतका उंच. उस्ताद चाचपडत त्या ढिगामागे गेले, उजव्या कोपऱ्याला उभे राहिले आणि हात टायरांवरून पुढे काढला. पंजा उघडा.

ताई खिडकीतून ओरडली की तिथून बाजूला व्हा.

"मला तुझी बस म्हणजे एक मोठा डाग दिसतो," उस्ताद म्हणाले. "माझ्याच्याने शिट्टी वाजवणं होणार नाही. मी काहीच सांगणार नाही. तू मला आरशात बघ आणि माझ्या हातापर्यंत ये."

ती नाही म्हणाली. ते हलले नाहीत. ती पुन्हा नाही म्हणाली. मग ते म्हणाले, हवा भरली का बघ.

पहिल्या दिवशी बस त्यांच्यापासून इतकी लांब थांबली, की मधल्या जागेत आणखी एक बस मावली असती. ताईच्या हाताला घाम आला होता. तो ती उशीला पुसत होती. उस्तादांनी हात खाली घेतला नाही. ओरडून विचारलं, आली का. मी बसच्या खिडकीतून म्हटलं, नाही अजून. ते म्हणाले, येऊ दे, घाई नाही.

त्यानंतरचे सगळे रविवार असेच गेले. बस तिरकी यायची, थांबायची, पुढे जायची, पुन्हा यायची. ताईची मान एका आरशाकडून दुसऱ्याकडे वळायला शिकली. सुरुवातीला तिचा हात सारखा दाराच्या कडीकडे जायचा. मी तिच्या मागच्या सीटवर बसून तो हात बघायचे. हळूहळू तो अर्ध्यातून परत येऊ लागला. आरशात उस्ताद लहान दिसायचे. पांढरा सदरा, पुढे काढलेला हात, भलतीकडे बघणारे डोळे. ताई मान न वळवता म्हणाली, "बघ कसे उभे आहेत. आता भीक मागतायत की आशीर्वाद देतायत, तेच कळत नाही."

एका रविवारी बस सरळ मागे आली. अगदी सावकाश. ताई श्वास रोखून होती, तो मला ऐकू येत नव्हता म्हणून कळलं. आरशात उस्तादांचा पंजा मोठा होत गेला. मग बस थांबली. काही क्षण काहीच झालं नाही.

मागच्या पत्र्यावर दोन थापा पडल्या.

ताईने हँडब्रेक ओढला आणि स्टेअरिंगवर डोकं टेकलं. ती रडली असं मी म्हणणार नाही. डोकं वर केलं तेव्हा म्हणाली, उशी पार भिजली, घामाने.

दुसऱ्या परीक्षेला उस्ताद आले. बूट घालून. कुंपणाला धरून उभे राहिले. मैदान त्यांच्यासाठी नुसता उजेड होता. मी सांगू लागले की आता ती आठ काढते आहे. ते म्हणाले, नको सांगूस, ऐकू येतंय. ते इंजिनाचा आवाज ऐकत होते. चढावर त्यांची टाच मातीत रुतली, क्लच दाबल्यासारखी, आणि हळूच सुटली.

इन्स्पेक्टर तोच होता. त्याने ताईला ओळखलं. म्हणाला, या वेळी खाली उतरणार नाही ना. ताई काय म्हणाली ते आम्हाला ऐकू आलं नाही.

गाडी थांबली. इंजिन एका जागी धडधडत होतं. त्या गाडीत आता तिचा हात कुठे आहे, हे मला दिसत नव्हतं. उस्तादांनी माझं मनगट धरलं.

"उतरली का?"

"नाही."

ते थांबले. पुन्हा विचारलं, "उतरली का?"

"नाही, उस्ताद. आरशात बघतेय."

मग गाडी मागे येऊ लागली. खांबांच्या मधोमध आली, थांबली. इन्स्पेक्टरने मागे जाऊन बघितलं, पुढे येऊन बघितलं आणि मान हलवली. उस्तादांनी कुंपणाच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली. शेजारचे लोक दचकले.

लायसन्स घरी आलं तेव्हा उस्तादांनी ते हातात घेऊन कडेकडेने बोट फिरवलं. मी म्हटलं, आता तिलाही उस्ताद म्हणावं लागेल. ते म्हणाले, लायसन्स मिळालं म्हणून काय झालं, कंडक्टर ती कंडक्टर.

ती ड्रायव्हर म्हणून ड्युटीवर लागली, त्यानंतरच्या पहिल्या रविवारी ते तिच्या बसमध्ये बसले. तिच्या मागची, खिडकीजवळची सीट. बहिणीकडे निघाले होते. बस स्टॉपवर थांबली, माणसं चढली, उतरली, दारं बंद झाली. बस निघेना. मागून कुणीतरी विचारलं, काय झालं. ताई आरशात बघत बसली होती. नव्या बसला बेल नव्हती. जायचं कधी, हे सांगणारं कुणी नव्हतं. इतर दिवशी ती स्वतःच डॅशबोर्डवर टकटक करून निघायची. त्या दिवशी ती वाट बघत होती.

उस्तादांनी खिडकीच्या काचेवर दोनदा पेर वाजवलं. बस निघाली. त्या वाटेवर प्रत्येक स्टॉपला तसंच झालं. एका बाईंनी मला हळूच विचारलं की आजोबांना काही होतंय का. मी म्हटलं, नाही, ते ड्युटीवर आहेत.

ताईने एक हिवाळा आणि एक उन्हाळा बस चालवली.

जुन्या बस मोडीत निघाल्या, तेव्हा तिने त्यांच्या गाडीतली बेलची दोरी आणि बेल मागून आणली. दोरी मळकी, जिथे तिचा हात पडायचा तिथे काळी आणि गुळगुळीत. उस्तादांच्या डोळ्यांतलं धुकं पुन्हा वाढू लागलं होतं, आणि ते पलंगावरून हाका मारायचे. ती म्हणाली, हाका मारून डोकं उठवता तुम्ही, आता बेल द्या. एक म्हणजे थांब, दोन म्हणजे ये. उस्ताद म्हणाले, दोन म्हणजे जा. यावर दोघांचा बराच वाद झाला.

तिच्या सुट्टीचा दिवस होता. सकाळपासून ती स्टुलावर चढून भिंतीत आकडे ठोकत होती. मी स्टूल धरलं होतं. दोरी पलंगाच्या उशापासून निघाली, खिडकीवरून गेली, कपाटासमोरून आली. हात वर केला की लागेल इतक्या उंचीवर ठेवली, म्हणजे उस्तादांना धरून चालताही येईल. दोरी स्वयंपाकघराच्या चौकटीपर्यंत आली. शेवटच्या आकड्याच्या जागी तिने पेन्सिलने फुली मारली. मग स्टुलावरून उतरली आणि म्हणाली, जरा पाठ टेकते, मग बेल बांधते.

मी वर जायला निघाले. ती दारापर्यंत आली. मी जिना चढत असताना मागे टकटक ऐकू आली.

ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच, तिला काही कळलं नसेल. उस्ताद शेजारच्या पलंगावर होते. त्यांनाही काही कळलं नव्हतं. उठल्यावर त्यांनी चहासाठी हाक मारली होती.

मी सकाळी खाली जाते, चहा करते. माझ्या पायांचा आवाज आला की उस्ताद उठतात. दोरी धरतात आणि तिच्या कडेने चालत येतात. खिडकी, कपाट, मग चौकट. तिथे दोरी संपते. ते तिचं सुटं टोक हातात धरून उभे राहतात.

बेल फळीवर आहे, मिठाच्या बरणीशेजारी. तिचे दोन स्क्रू ताईने हरवू नयेत म्हणून बशीत ठेवले आहेत. चौकटीवर पेन्सिलची फुली आहे. आकडा ठोकायचा राहिला आहे.